हजेरीपासून वगापर्यंत

चैत्र लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की तमाशा आलाच. खाली मांडलेला दिवस कुठल्याही एका फडाचा नाही. यात्रांच्या हंगामात या पट्ट्यात फिरणाऱ्या, तीस-पस्तीस माणसांच्या मध्यम फडांचे दिवस जसे जातात तसा तो एकत्र बांधून लिहिला आहे. म्हणून फडाचं नाव नाही, माणसांची नाहीत आणि ज्या दोन गावांत हा दिवस घडतो त्यांचीही नाहीत. एक गाव शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या बाजूला आहे, दुसरं भीमा ओलांडल्यावर दौंड तालुक्यात.

सकाळी साडेसहा

फड जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात झोपलाय. रात्री दहाला माईक बंद झाला, पण पडदे काढणं, पेट्या भरणं आणि जेवणं यात एक वाजला. पुरुषमाणसं अजून चादरी ओढून पडली आहेत. उठल्यात त्या बायका, कारण उजाडायच्या आत त्यांना पाणी आणि आडोसा हवा असतो. गावाने शाळेच्या संडासाची किल्ली दिली आहे की नाही, यावर त्यांची सकाळ ठरते. आज दिली आहे. एकीचं मूल ट्रकच्या खाली बांधलेल्या झोळीत झोपलंय, त्याला उठवायचं नाही असं सगळ्यांना ठाऊक आहे.

आचाऱ्याने चहा टाकला. ढोलकीवाला उठल्या उठल्या ढोलकी उन्हात धरतो. रात्रीच्या दवाने पान सैल पडलं तर हजेरीला बोल उमटत नाहीत.

सकाळी नऊ

देवळापुढच्या मोकळ्या जागेत हजेरी. रात्री देवाच्या पालखीचा छबिना आणि तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा अशी यात्रेची जुनी घडी. शिरूरच्या बाजूला यात आता बैलगाडा शर्यतीही परत आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून शर्यतीच्या घाटात पुन्हा गर्दी उसळते, आणि फडांनाही त्याचा फायदाच होतो. शर्यतीला आलेला माणूस रात्री तमाशाला थांबतो.

हजेरी म्हणजे देवापुढे लावलेली हजेरी. दिवे नाहीत, पडदा नाही, तोंडाला जेमतेम पावडर. एकाच यात्रेत दोन फड आणलेले असले की पूर्वी हजेरीला समोरासमोर सामना रंगायचा, सवाल-जवाब दुपारपर्यंत चालायचे. आता बहुतेक गावांना एकच फड परवडतो आणि हजेरी दीड तासात आटोपते. तरी मला रात्रीच्या खेळाइतकीच ती महत्त्वाची वाटते, कारण रात्री न येणाऱ्या गावच्या बायका आणि म्हाताऱ्या सकाळी देवदर्शनाच्या निमित्ताने थांबतात आणि तोंडाला पदर लावून पोटभर हसतात.

रात्री जो विनोद सोंगाड्याने केला तोच तो आत्ता करतो, पण त्यातला चावटपणा अचूक काढून घेतो. शब्द तेच, थांबण्याची जागा बदलते. रात्री वाक्याच्या मध्येच थांबून लोकांना अर्थ लावायला वेळ दिला होता, सकाळी तो थांबत नाही आणि वाक्य देवापुढे चालेल असं सरळ निघून जातं. द्व्यर्थाचं सगळं कसब त्या थांबण्यात आहे, आणि ते त्याला कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही.

सकाळी अकरा

हिशेब. यात्रा कमिटीचे पंच ओट्यावर बसलेत. सुपारी ठरते ती बहुधा गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात. तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, तारीख आणि रक्कम ठरवून इसार देऊन जातात. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. ज्या आठवड्यात वर्षाची कमाई ठरायची त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. पुढच्या वर्षीचा यात्रांचा हंगामही तसाच गेला. कलावंतांना आधी उचल देऊन बसलेले मालक तेव्हा जे कर्जात गेले, त्यातले कितीतरी अजून वर आलेले नाहीत.

आज पंच म्हणतात, खेळ दहाला संपला, मग पूर्ण पैसे कसे? मालक हात जोडून सांगतात, "आण्णा, पालखी आठला आली. आम्ही साडेसातला चाळ बांधून बसलो होतो." घासाघीस होते. शेवटी ठरल्यापेक्षा थोडी कमी रक्कम हातात पडते आणि नारळ-टॉवेल मिळतो. कुणी आवाज चढवत नाही, कारण पुढच्या वर्षीही याच गावाची सुपारी हवी असते.

दुपारी एक

पिठलं, भाकरी, ठेचा. ट्रक आणि मागे प्रवासी गाडी शिरूर–चौफुला रस्त्याला लागते. न्हावरा मागे पडतो, उसाचे पट्टे सुरू होतात, पारगावला भीमेचा पूल येतो. पलीकडे दौंड तालुका, पुढे केडगाव आणि मग पुणे–सोलापूर महामार्गावरचं चौफुला.

चौफुला म्हटलं की लोकांना तिथली कला केंद्रं आठवतात. ती संगीत बारीची थिएटरं, लावणी आणि बैठकीची. फड वेगळा. फडात गण-गवळण, विनोदी बतावणी, रंगबाजी, कथेचा वग असा सगळा मेळ असतो आणि नाचणाऱ्या बाईइतकाच बोलणारा माणूस लागतो. शहरातले वाचक दोन्हींना सरसकट तमाशा म्हणतात, म्हणून एवढं सांगितलं.

मागे राहिलेल्या शिरूर तालुक्याची मात्र एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांना गण, गवळणी, लावण्या आणि वग लिहून दिले. एक मुसलमान शाहीर गणपतीचा गण लिहितो, कृष्णाची गवळण लिहितो आणि ते गावोगावच्या देवळांपुढे गायलं जातं, ही तमाशाची खरी परंपरा. त्यांना राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. फडाच्या लोखंडी पेटीत त्यांच्यासारख्या लेखकांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आजही जपून ठेवलेल्या असतात. वगाचा तोच एक ऐवज.

दुपारी चार

नव्या गावात ट्रक लागला. बोर्ड उभा करायचा, म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, मागे पडदे, वर झालर. हे काम करणारी पोरं कलावंत नव्हेत, पण रात्री गरज पडली की यांच्यातलाच एक शिपाई होतो आणि एक झाड होतो. वीज तपासली, जनरेटर तपासला. बायका राहुटीत आडव्या झाल्या. दिवसातली खरी झोप ती हीच.

सायंकाळी पाच

सोंगाड्या मात्र झोपत नाही. तो पांढरा सदरा घालून गावात जातो. फडाच्या दिवसातला हा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि याबद्दल कुणीच लिहीत नाही.

आधी तो दाढीच्या दुकानात बसतो. तिथे वीस मिनिटांत गाव कळतं. सरपंच कोण, मागचा कोण, पाण्याच्या टाकीचं काम कुठे अडलंय, सोसायटीच्या निवडणुकीत कोण किती मतांनी पडलं, कुणाच्या उसाला तोड आली नाही. मग चहाच्या टपरीवर. तिथे नावं मिळतात. गावच्या पैलवानाचं टोपणनाव, डीजेवाल्याचं, दारू पिऊन बांधावर झोपणाऱ्याचं. मग देवळात, तिथे मानकऱ्यांची क्रमवारी कळते. हे तो कुठेही लिहून घेत नाही. फक्त कुणाची चेष्टा करायची नाही हे आवर्जून विचारतो. घरात नुकतं कुणी गेलंय का, कुणाची पोर सासरहून परत आलीय का. ती घरं वगळायची. हा नियम कुठल्या सेन्सॉरने घातलेला नाही, सोंगाड्याने सोंगाड्याला शिकवलेला आहे.

पूर्वी मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी आणली होती. पुढे अटी आल्या, वगाची संहिता तपासून घेणं आलं. संहितेवर शिक्का मारता येतो, पण सोंगाड्या संध्याकाळी पाच वाजता दाढीच्या दुकानात जे ऐकून आला त्यावर शिक्का मारता येत नाही. रात्री त्याला सांभाळतं ते त्याचं स्वतःचं तारतम्य. ज्याला ते नसतं तो घाण बोलतो आणि दोन हंगामांत फडातून जातो. कमरेखालचं बोलणं आणि घाण बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रेक्षकालाही कळतं.

सायंकाळी साडेसहा

राहुटीत मेकअप. लोखंडी पेट्यांची झाकणं उघडली की आतल्या बाजूला आरसा. तरुण मुली मोबाइलवर गाणं लावून पावलं पक्की करताहेत. कोपऱ्यात साठीच्या पुढची एक बाई सावकाश नऊवारी नेसते आहे. एके काळी हिच्या नावाने या फडाची सुपारी ठरायची. आता ती नव्या पोरींचे चाळ बांधते, कपड्यांना टाके घालते, दुपारी आचाऱ्याला मदत करते. सगळे तिला आक्का म्हणतात. पण रात्री वीस मिनिटं तिची आहेत, आणि त्यासाठी ती रोज लुगडं स्वतः निवडते.

तमाशात कीर्ती फार वेगाने येते आणि तितक्याच वेगाने उतरते. शाहीर पठ्ठे बापूरावांनी नर्तकी पवळासोबत मुंबई गाजवली आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत डोळे मिटले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या. गरोदरपणात खेळाच्या मध्येच विंगेत बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची हकिकत सगळा महाराष्ट्र सांगतो. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांपुढे हात पसरायची पाळी आली होती. आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं, हे योग्यच आहे. पण राहुटीच्या कोपऱ्यातल्या आक्काला पुरस्कारापेक्षा वृद्ध कलावंतांच्या मानधनाची जास्त गरज आहे, आणि त्याला कागद लागतात. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, कलेचे पुरावे. जी बाई सहा वर्षांची असताना फडात आली आणि वर्षातले आठ महिने रस्त्यावर राहिली, तिने रहिवास कुठला दाखवायचा? तिच्याकडे पुरावा म्हणून एकच आहे, घडीवर फाटलेली एक जुनी जाहिरात.

रात्री आठ

छबिना अजून गावातच आहे. पालखी वेशीशी थांबली, लेझीम चालू आहे, पुढे डीजे. मालक दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस गणपती, नवरात्र आणि अशाच मोठ्या सणांत संपतात. गावच्या यात्रेच्या वाट्याला त्यातलं सहसा काही उरत नाही. पूर्वी हाच खेळ रात्री दहाला सुरू व्हायचा आणि कोंबडं आरवेपर्यंत वग चालायचा. पहाटेपर्यंतची ती रीत तशीच ठेवा असं मी म्हणणार नाही. आजारी माणसं, परीक्षेची पोरं सगळ्या गावांत असतात. पण रात्रभराचा खेळ दीड तासात कोंबायचा म्हटल्यावर कात्री कुठे लागते ते पुढे दिसेल.

रात्री साडेआठ

ढोलकी-हलगीची सलामी. दोघं वादक एकमेकांकडे बघत बघत लय चढवतात आणि मैदानातली पांगलेली माणसं पुढे सरकतात. गण उरकला. गवळण सुरू झाली.

मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची म्होरकी मावशी. मावशी म्हणजे बहुतेक फडांत लुगडं नेसलेला पुरुषच. टीव्हीवर मालिकांची नक्कल बघून आपण हसतो आणि हे काहीतरी नवं आहे असं समजतो. कीर्तनकार कृष्णलीला सांगतात ती भक्तिभावाने. गावाने ती कथा शेकडो वेळा ऐकलेली, पुढे काय होणार हे पोराला ठाऊक. त्याच कथेत तमाशाने एक पोक्त, फटकळ, दूध कमी आणि पाणी जास्त विकणारी मावशी घुसवली आणि देवालाच दान मागायची लाज वाटेल असं तिच्या तोंडून बोलवून घेतलं. ज्या कथेवर सगळ्यांचं प्रेम आहे तिचीच थट्टा करायची, ही युक्ती टीव्ही यायच्या कितीतरी पिढ्या आधीची आहे.

रात्री नऊ

बतावणी. आज मालिकेची.

बोर्डावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मघाचीच मावशी, म्हणजे आपला सोंगाड्या, आता मोठ्ठं कुंकू आणि जरीचा पदर घेऊन सासू झाली आहे. सून म्हणजे फडातली सर्वांत तरुण नाचणारी. सून म्हणते, "सासूबाई!" आणि ढोलकीवर लागोपाठ तीन थापा पडतात. प्रत्येक थापेला सासू मान वळवते, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर. मैदान फुटतं. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ साली आली तेव्हापासून गावातल्या घराघरांत हा मान वळवण्याचा खेळ लोकांनी रोज बघितलाय.

"सासूबाई, मी चहा आणते."

सून खुर्च्यांभोवती फिरायला लागते. ढोलकी गंभीर वाजते. एक फेरी, दोन फेऱ्या, चहा येत नाही. हलगीवाला ओरडतो, "पुढचा भाग उद्या!" सून पुन्हा पहिल्यापासून फिरते.

"अगं ए," सासू कळवळून म्हणते, "चहा आणाय गेलीस तवा मी सासू व्हते. आता आज्जेसासू झाले की!"

मग सासू चौकशीला बसते. नवरा काय करतो तुझा?

"रेल्वेत हाय. दौंडाला इंजिन बदलतो."

सासू प्रेक्षकांकडे बघते. थांबते. सकाळी ती इथे थांबली नव्हती.

"रोज बदलतो?"

"रोज. पुण्याकडनं गाडी आली की म्होरलं इंजिन सोडायचं, मागल्या अंगाला लावायचं."

"आन् घरी?"

"घरी कुठलं आत्या! आता कॉर्ड लाइन झाली. गाडी ठेसनात शिरतच न्हाई, भायरच्या भायरच नगरला जाती!"

पुढे पाच मिनिटं काही ऐकू येत नाही. दौंड तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची दिशा दौंडात कशी उलटते आणि त्यात किती वेळ जातो हे ठाऊक आहे. गाड्या बाहेरून जायला लागल्याने फलाटावरच्या धंद्यांचं काय झालं तेही ठाऊक आहे. विनोदात इंजिनाशिवाय कशाचं नावही नाही, एकही शब्द वावगा नाही. जे काय मनात आलं ते ऐकणाऱ्याच्या. आणि शेवटचा टोला सुनेचा आहे, तो सोंगाड्याने स्वतःकडे ठेवला नाही. चांगल्या बतावणीची माझ्या लेखी हीच पारख. बाईच्या अंगावर विनोद होतो की बाई विनोद करते? जिथे बाई जिंकते तिथला चावटपणा निरोगी असतो.

आता आक्का येते. ती झाली आहे जुन्या जमान्यातली सिनेमाची हिरॉइन. काळा चष्मा, हातात प्लास्टिकची फुलं. तिला मालिकेत आजीचं काम मिळालंय आणि ते घ्यायला ती तयार नाही.

"मी आले की आधी गाणं लागतं," ती सांगते.

"बाई, हितं आधी लाइट जाते," ढोलकीवाला.

"माझ्यावर झोत टाका!"

लाइटवाला झोत नेमका भज्यांच्या गाडीवर मारतो. भजीवाला हात जोडून उभा राहतो, त्याला टाळ्या पडतात. आक्का फतकल मारून खाली बसते आणि सहीला वही मागते. कुणी देत नाही म्हटल्यावर सोंगाड्याच्या पाठीवरच सही करते. "अंगठा मार बाई, पेन्शनीला तोच चालतो," असं तो म्हणतो तेव्हा पुढच्या रांगेतले हसतात आणि मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांतला एक जण शिट्टी मारतो. त्याला ती कोण आहे हे माहीत आहे. आक्काही त्या दिशेला बघून मुजरा करते आणि बसल्या जागी अदाकारीच्या दोन ओळी सोडते. दोन ओळीच. पण खांदा, भुवई आणि पदर यांचं जे गणित त्या दोन ओळींत आहे, ते राहुटीतल्या तरुण पोरी पडद्याआडून रोज बघतात.

झी मराठीवर २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झाला, सोनी मराठीवर २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. दोन्ही मी आवडीने बघतो. लुगडं नेसलेले पुरुष, सिनेमा-मालिकांच्या नकला, वादकाने मध्येच टाकलेला शेरा, सगळ्यांनी मिळून एकाला पेचात पकडणं, हे सगळं फडाचं रक्त आहे. त्याआधी 'विच्छा माझी पुरी करा'मधून वसंत सबनीस आणि दादा कोंडके यांनी ते शहरात नेलं, 'गाढवाचं लग्न' घेऊन दादू इंदुरीकरांनी शहरी नाट्यवेड्यांना अस्सल सोंगाड्या दाखवला. फरक एवढाच की टीव्हीवर लेखकांचा ताफा असतो, चुकलं तर पुन्हा घेतात, संकलन होतं. इथे लेखक, नट आणि संकलक एकच माणूस आहे आणि त्याने संध्याकाळी पाचला गोळा केलेला मजकूर रात्री नऊला एकदाच वापरायचा असतो. उद्या गाव वेगळं.

रात्री साडेनऊ

बतावणी अजून दहा मिनिटं चालली असती. पण पुढची पोरं ओरडायला लागली, "गाणी लावा." यात्रा कमिटीचा एक कार्यकर्ता बोर्डाच्या कडेला येऊन मालकांना खूण करतो. सोंगाड्याने दाढीच्या दुकानातून आणलेली पाण्याच्या टाकीची गोष्ट तशीच राहते. रंगबाजी सुरू होते, म्हणजे सिनेमातली चालू गाणी. मुली जीव तोडून नाचतात, त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण हीच गाणी उद्या वरातीत डीजेवर वाजणार आहेत. त्यासाठी तीस माणसांचा फड भीमा ओलांडून आणायची गरज नव्हती.

रात्री पावणेदहा

वग. उरली पंधरा मिनिटं. ज्या वगाला चार तास लागतात त्यातला मालक एकच प्रवेश लावतात, दरबाराचा. राजा येतो, प्रधान येतो, हवालदार झालेला सोंगाड्या येतो आणि राजाच्या न्यायाची शेंडी धरतो. पाण्याची टाकी त्याने इथे आणलीच. "महाराज, टाकी बांधली, पर पाणी कुठंय?" "प्रधानजींना विचारा." "प्रधानजी म्हणत्यात, पाणी मंजूर हाय, ओलं व्हायचं बाकी हाय." पंच मंडळीत बसलेला एक जण खाली बघतो, बाकीचे त्याच्याकडे बघून हसतात. संध्याकाळचा तास वाया गेला नाही.

दहाला पोलीस पाटील हात वर करतात. माईक बंद.

रात्री साडेबारा

पडदे उतरले, पेट्या भरल्या. आमटी-भाकरी. मालक वही काढून पट्टी मांडतात. डिझेल, आचारी, उचलीतली कपात, कुणाला किती. सोंगाड्या आणि ढोलकीवाला मघाच्या बतावणीवर वाद घालताहेत, चहाच्या फेऱ्या दोन असाव्यात की तीन. आक्का तीन म्हणते. उद्या तीन करून बघायचं ठरतं. सकाळी नऊला याच देवळापुढे हजेरी आहे.

शिरूर-दौंडच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या यात्रा कमिट्यांना एक विनंती. कायदा बदलायची वाट न बघता तुमच्या हातात आहे तेवढं करा. छबिना एक तास आधी काढा आणि साडेसातला बोर्ड फडाच्या ताब्यात द्या. सुपारी देतानाच वग कुठला लावणार ते मालकांना विचारा आणि तो कागदावर लिहून घ्या. बतावणी चालू असताना गाण्याची खूण करायला कुणाला बोर्डाजवळ जाऊ देऊ नका. ठरलेले पैसे खेळाच्या आधी द्या. बायकांसाठी पाणी, आडोसा आणि किल्ली यांची जबाबदारी कमिटीतल्या एका माणसाच्या नावाने लावा. आणि तुमच्या गावात फडातून उतरलेली एखादी आक्का राहत असेल, तर ग्रामपंचायतीतून तिला रहिवासाचा दाखला काढून द्या. मानधनाच्या अर्जाला तो लागतो.